पेढीवरच्या जुन्या संगणकाची पडिलेहणा

महिन्याची दहा तारीख उजाडली की अनेक पेढ्यांवर सारखेच दृश्य दिसते. गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळत उभे असते, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरण्याची मुदत संपणार असते, आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र एक निळे वर्तुळ गोल फिरत राहते. मुलगा वैतागून म्हणतो, “बाबा, हा डबा आता काढून टाका. दिवाळीला नवाच घेऊ.” वडील म्हणतात, “अरे, जीएसटी लागला त्या वर्षी घेतलेला आहे. चालतोय ना अजून!” मुनीमजी काहीच बोलत नाहीत. त्या डब्यात २०१७ पासूनची सारी खतावणी आहे, एवढेच त्यांच्या मनात असते.

बाप-लेक दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. यंत्र जुने झाले आहे हे खरे. परंतु ते मंद झाले ते केवळ वयाने नव्हे, तर वर्षानुवर्षे त्यावर चढवलेल्या ओझ्यानेही. जैन परंपरेत अशा वेळी लागू पडेल असा एक नेमका शब्द आहे : पडिलेहणा, म्हणजेच प्रतिलेखन. श्वेतांबर साधु-साध्वी रोज आपली वस्त्रे व उपकरणे उलगडून बारकाईने न्याहाळतात. दिगंबर मुनी वस्तू उचलताना-ठेवताना पिंछीने जागा हळुवार झाडून घेतात. वस्तू ठेवायची की टाकायची हा प्रश्न नंतरचा. आधी ती नीट पाहायची. जुन्या संगणकालाही पहिली गरज याच दृष्टीची असते.

मंदपणा येतो कोठून?

संगणकाचे काम पेढीच्या भाषेत सहज समजते. प्रोसेसर म्हणजे मुनीम. रॅम म्हणजे मुनिमासमोरचे मेज. हाताशी लागणारी कागदपत्रे त्यावर मांडलेली असतात. हार्ड डिस्क म्हणजे मागचे गोदाम. मेज लहान आणि कागद फार झाले, की मुनीम काही कागद गोदामात पाठवतो आणि लागतील तसे परत मागवतो. मुनीम कितीही चपळ असला तरी त्याचा वेळ हमालाची वाट पाहण्यात जातो. जुन्या संगणकाचे दुखणे बहुधा हेच असते : मेज अवघे चार जीबीचे, आणि गोदाम फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कचे.

नेमके कोठे अडते आहे, हे अंदाजाने ठरवू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यावरचा भार टक्क्यांत दिसतो. मशीन अडखळत असतानाच तो पाहावा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर गोदाम थकले आहे. मेमरी नव्वदीच्या वर असेल तर मेज अपुरे आहे. निदान आधी, औषध मागाहून.

आधी वही, मग यंत्र

कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी एक काम पुरे करायलाच हवे, ते म्हणजे हिशेबाची प्रत काढणे. यंत्र नवे विकत मिळते. आठ वर्षांची खतावणी मिळत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखवता आला पाहिजे. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ.

टॅली असो वा दुसरा कोणता प्रोग्रॅम, त्यातील बॅकअपची आज्ञा वापरून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि दुसरी पेढीच्या बाहेर, घरी किंवा क्लाउडवर ठेवावी. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहावी. चालू हिशेबाच्या जागीच ती रिस्टोअर करू नये, नाहीतर जुनी नोंद नव्यावर चढते. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर वेग वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी प्रत घ्यावी. तो आवाज डिस्क निकामी होत असल्याचे लक्षण असू शकते.

ओझे उतरवताना

प्रत सुरक्षित झाली की पहिली पाहणी स्टार्टअपची. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा विभाग असतो. संगणक सुरू होताच न बोलावता कामाला लागणाऱ्या प्रोग्रॅमांची ती यादी. प्रत्येकाचा भार जास्त, मध्यम की कमी, हेही तेथे लिहिलेले असते. कधीकाळी घेतलेले गाण्यांचे ॲप, गप्पांचे ॲप, केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा साहाय्यक, सारे तेथे ठाण मांडून असतात. नको असलेल्या नावावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही. फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरसला हात लावू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअर बंद केलेच, तर विवरणपत्र भरताना ते हाताने सुरू करावे लागेल, हे ध्यानात ठेवावे. ज्या नावाचा अर्थ लागत नाही ते तसेच राहू द्यावे.

दुसरी पाहणी वापरात नसलेल्या प्रोग्रॅमांची. सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या यादीतून ते रीतसर काढावेत. दोन-दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत असतील तर एकच ठेवावा. विंडोजसोबत डिफेंडर येतोच. दुसरा चालू अँटिव्हायरस नसला की तो आपसूक पहारा सुरू करतो. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन आणि दिवसभर उघडे राहणारे वीस-पंचवीस टॅब यांचाही भार मेमरीवरच पडतो.

तिसरी पाहणी जागेची. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोज गुदमरते. सुमारे पाचवा हिस्सा मोकळा असावा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडले की तात्पुरत्या फायली पुसण्याची सोय मिळते. येथे मात्र एक मोठा धोका दबा धरून असतो. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हाही एक पर्याय असतो. त्यापुढे खूण राहिली तर तो फोल्डर रिकामा होतो. बऱ्याच पेढ्यांवर ई-वे बिले, बँकेची उतारापत्रके, विवरणपत्रांच्या पोचपावत्या वर्षानुवर्षे त्याच फोल्डरात पडून असतात. उत्साही हातांनी केलेली ही सफाई मागाहून फार महाग पडते. म्हणून आधी आर्थिक वर्षानुसार फोल्डर करून कामाचे कागद तेथे हलवावेत, आणि मगच झाडू हाती घ्यावा.

चौथे काम दिखाव्याचे. शोधपट्टीत ‘परफॉर्मन्स’ टाइप केले की विंडोजचे रूप व कामगिरी बदलण्याचे पान सापडते. त्यात ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडल्यास खिडक्यांच्या सावल्या आणि सरकती चित्रे बंद होतात. लाभ माफक असतो, पण कमी रॅमच्या यंत्रावर जाणवतो. ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉण्ट्स’ ही एक खूण मात्र परत करावी. नाहीतर अक्षरांच्या कडा खडबडीत दिसू लागतात आणि ज्येष्ठांच्या डोळ्यांना त्रास होतो.

आणखी दोन लहान गोष्टी. रोज रात्री संगणक ‘शट डाउन’ केला म्हणजे तो सकाळी ताजातवाना उठतो, असा समज असतो. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते आणि सकाळी तीच पुन्हा उचलते. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते, आठवड्यातून एकदा तो द्यावा. दुसरे म्हणजे, अपडेटच्या पानावर ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये पेढीची वेळ भरून ठेवावी, म्हणजे ऐन गर्दीत संगणक आपणहून बंद-चालू होत नाही.

डबा उघडताना यतना

वेग मंदावण्याचे एक कारण पडद्यावर दिसतच नाही. धान्य, मसाला किंवा कापडाच्या पेढीवर पंख्याच्या पात्यांत धूळ आणि तंतू साचतात. हवा खेळेनाशी झाली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. वीजजोडणी काढून, संगणक उजेडात नेऊन त्याचे झाकण उघडावे. आत कोळी, मुंग्या किंवा झुरळे आश्रयाला असण्याचा संभव असतो; म्हणून थेट ब्लोअर न लावता आधी मऊ ब्रशने, घाई न करता, त्यांना बाहेर पडू द्यावे. पंखा बोटाने धरून मगच धूळ झाडावी. यतना येथे केवळ धर्माची नव्हे, यंत्राच्या आयुष्याचीही राखण करते.

एवढे करूनही डिस्क शंभर टक्क्यांवरच राहत असेल, तर सेटिंगचा उपाय संपला असे समजावे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वांत गुणकारी बदल. फिरत्या चकतीला माहितीच्या जागी पोहोचायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला एक दशांश मिलिसेकंदही पुरतो. सोबत रॅम चारवरून आठ जीबी केली तर मेजही ऐसपैस होते. रॅमची डीडीआर-३ पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. हे दोन्ही भाग मिळूनही नव्या संगणकापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतात.

“एका क्लिकवर संगणक वेगवान” अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रॅमांपासून आणि रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांपासून दूर राहावे. पडद्यावर अचानक उमटलेल्या क्रमांकावर फोन करून संगणकाचा ताबा अनोळखी माणसाकडे देणे म्हणजे गल्ल्याची किल्ली वाटसरूच्या हाती देण्यासारखेच आहे.

थांबायचे कोठे?

अपरिग्रह म्हणजे मोडके कवटाळून बसणे नव्हे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून सुरक्षेची अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ चे बहुतेक संगणक या कसोटीत बसत नाहीत. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात त्याला सुरक्षेची अद्यतने मिळत नसतील, तर ते कितीही वेगाने पळो, व्यवहारासाठी ते निवृत्तच करावे.

निवृत्तीनंतरही त्याला काम उरते. इंटरनेट तोडून जुन्या वर्षांचे हिशेब पाहण्यासाठी ते ठेवता येते, किंवा लिनक्स घालून पाठशाळेच्या मुलांना देता येते. देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसावी. नुसते ‘डिलीट’ केल्याने माहिती नाहीशी होत नाही. अगदीच निरुपयोगी झाले, तर भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. शिसे असलेले सुटे भाग उघड्यावर जाळले गेले की त्याची झळ माती, पाणी आणि असंख्य सूक्ष्म जीवांपर्यंत पोहोचते.

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे : किती ठेवायचे याची मर्यादा स्वतः आखून घेणे. पेढीवरच्या त्या संगणकात न बोलावता शिरलेले प्रोग्रॅम, विसरलेल्या फायली, उघडे राहिलेले टॅब हा सारा परिग्रहच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एक रविवार काढून बाप-लेकाने तो शेजारी बसून पाहावा, आणि मुनीमजींनाही सोबत घ्यावे. नवा संगणक घ्यायचा की नाही, हे त्या दिवशी संध्याकाळी ठरवता येईल. खतावणीची प्रत मात्र त्या सकाळीच घरच्या कपाटात पोहोचलेली असावी.