सय्यादियाचा रंग मसाल्याचा नव्हे, कांद्याचा

लेबनॉनच्या सैदा आणि त्रिपोली बंदरांपासून लाल समुद्रावरच्या जेद्दापर्यंत अरबी किनाऱ्यांवर सय्यादिया हा मासे-भात केला जातो. तपकिरी भात, त्यावर तळलेला मासा, कुरकुरीत कांदा आणि तळलेले बदाम किंवा पाइन नट्स. तिकडे नोकरी करून आलेल्या कोकणातल्या मंडळींकडून त्याचं कौतुक ऐकायला मिळतं आणि त्यासोबत एक ठाम समजूतही: ‘त्यांचा मसालाच तसा गडद असतो, म्हणून भाताला तो रंग येतो.’

हे साफ चूक आहे. सय्यादियात जिरे, धणे, दालचिनी, ऑलस्पाइस, थोडी हळद एवढंच पडतं आणि तेही बेताने. यातल्या कशानेही भात तपकिरी होत नाही. तो रंग कांद्याचा आहे. तरीही लोक रंगासाठी गरम मसाला ओतत राहतात, कोणी सोया सॉस घालतं, कोणी साखर जाळून घालतं. मग भात उग्र होतो आणि माशाची चव हरवते.

कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आटेपर्यंत कांद्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. तो फक्त मऊ आणि पारदर्शक होतो. पाणी गेल्यावर तापमान चढतं आणि कांद्यातली साखर व अमिनो आम्लं यांच्यात मेलार्ड अभिक्रिया वेगाने सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्यातून तयार होणारा तपकिरी रंग आणि खमंगपणा पाण्यात उतरतो. सय्यादियाची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे. उभा चिरलेला कांदा भरपूर तेलात गडद तपकिरी होऊ द्यायचा, थोडा वर पेरायला बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यात माशाची डोकी, काटे व पाणी घालून उकळायचं. गाळलेल्या त्या तपकिरी पाण्यात तांदूळ शिजतो आणि रंग दाण्याच्या आत जातो.

इथेच दुसरी चूक होते. ‘कांदा पाच-दहा मिनिटं परतून तपकिरी करा’ असं पाककृतींत सर्रास छापलेलं असतं. अमेरिकी पत्रकार टॉम स्कोका यांनी २०१२ मध्ये ‘स्लेट’मध्ये स्वतः कांदा परतून पाहून हा दावा खोडून काढला. त्यांना अर्धा ते पाऊण तास लागला होता. घाईने आच वाढवली तर कडा जळतात आणि आत पाणी तसंच राहतं. जळका कांदा सगळा रस्सा कडू करतो. तपकिरी आणि काळा यांतलं अंतर काही मिनिटांचं असतं, म्हणून शेवटी कढईपासून हलू नका.

आणखी काही समजुती:

‘ही अरबी बिर्याणीच.’ बिर्याणीत अर्धकच्च्या भाताचे थर लावून दम देतात. इथे तांदूळ माशाच्या रश्श्यातच पूर्ण शिजतो.

‘रस्सा जितका उकळाल तितका चांगला.’ हे मटणाच्या हाडांना लागू आहे. माशाचे काटे अर्ध्या तासात सगळं देऊन टाकतात. आणि डोक्यातले कल्ले आधी काढा, नाहीतर रस्सा गढूळ आणि कडवट होतो.

‘ऑलस्पाइस म्हणजे मिश्र मसाला.’ ते कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेतल्या एकाच झाडाचं सुकवलेलं कच्चं फळ आहे.

‘अरबी म्हणजे झणझणीत.’ या भातात मिरचीची गरज नसते.

‘सोबतचं दही माशाबरोबर खाल्लं तर कोड येतं.’ पहिली गोष्ट, ते दही नाही. ती तरातोर नावाची चटणी, ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ, लिंबू आणि लसूण यांची. दुसरी गोष्ट, दही असतं तरी काही बिघडलं नसतं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवरच हल्ला करते, तेव्हा कोड येतं. ते जेवणातून येत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. या समजुतीपायी कोड असलेल्या माणसालाच ‘काय खाल्लंस?’ असं विचारलं जातं. तो प्रश्न आता तरी थांबायला हवा.