नर्स प्रॅक्टिशनर की आणखी काही? नर्सिंगची पदवी नसलेल्या पदवीधरांसाठी वाटा

प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या अनेक गोमंतकीय युवक-युवतींची मूळ ओढ रुग्णसेवेची असते. ‘नीट’मध्ये वैद्यकीय प्रवेशापुरते गुण मिळाले नाहीत, घरची परिस्थिती आड आली किंवा बारावीनंतर नेमके काय करावे हेच उमगले नाही, म्हणून वाट विज्ञानाच्या पदवीकडे वळलेली असते. पदवी हाती पडल्यावर ती ओढ पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी परदेशस्थ नातेवाइकांकडून किंवा समाजमाध्यमांतून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे नाव कानी पडते. रुग्णाला तपासणारी, निदान करणारी, औषधे लिहून देणारी आणि तरीही डॉक्टर नसलेली ही व्यक्ती कोण, नर्सिंगची पदवी नसताना हे पद गाठता येते का आणि येत नसेल तर त्याच्या जवळचे दुसरे काय, असे प्रश्न मग उभे राहतात. त्यांची उत्तरे घाईने ठरवली तर तारुण्यातील चार-पाच वर्षे आणि आईवडिलांची पुंजी पणाला लागते. म्हणून निर्णयापूर्वी या व्यवसायांची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन पदे, दोन उगम

नर्स प्रॅक्टिशनर ही संकल्पना अमेरिकेतील. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. बालरोगतज्ज्ञ सहज मिळत नसलेल्या भागांतील मुलांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचावी, हा त्यामागचा हेतू होता. अनुभवी परिचारिकेला अधिक शिक्षण दिल्यास ती मुलांची तपासणी, वाढीची देखरेख आणि सामान्य आजारांवरील उपचार समर्थपणे करू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड या डॉक्टरांनी दुसरा प्रयोग आरंभला. नौदलात वैद्यकीय सहाय्यकाचे काम केलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी ‘फिजिशियन असिस्टंट’ हा नवा व्यवसाय घडवला. त्यांची पहिली तुकडी १९६७ साली बाहेर पडली.

आजही या दोन पदांचे दैनंदिन काम पुष्कळसे सारखे दिसते. तथापि पहिले पद नर्सिंगच्या घरात जन्मले, तर दुसरे त्या घराबाहेर. नर्सिंगची पदवी नसलेल्याच्या दृष्टीने हा केवळ इतिहास नव्हे. त्याच्यापुढील पर्यायांची किल्ली इथेच आहे. नर्स प्रॅक्टिशनर हा इमारतीचा दुसरा मजला आहे आणि नोंदणीकृत परिचारिका होणे हा तळमजला. तळमजला टाळून वर जाणारा जिना कोणत्याही देशाने बांधलेला नाही.

अमेरिकेतील ‘थेट प्रवेशा’चा अर्थ

अमेरिकेतील काही विद्यापीठे नर्सिंगेतर पदवीधरांना नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘थेट प्रवेश’ देतात. या शब्दप्रयोगाने अनेकांची दिशाभूल होते. थेट प्रवेश म्हणजे नर्सिंग वगळणे नव्हे. अशा अभ्यासक्रमात साधारणतः पहिले वर्ष-दीड वर्ष नर्सिंगचे मूलभूत शिक्षण घ्यावे लागते, एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यानंतरच नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण सुरू होते. एकूण कालावधी बहुधा तीन वर्षांचा किंवा त्याहून अधिक असतो. काही अभ्यासक्रमांच्या अखेरीस पदवी पदव्युत्तर मिळते, मात्र परवाना साध्या परिचारिकेचाच राहतो. त्यामुळे नावात ‘मास्टर्स’ आहे म्हणून नर्स प्रॅक्टिशनर होता येईल, असे गृहीत धरू नये.

नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण विशिष्ट रुग्णगटासाठी असते: कुटुंब, बालक, प्रौढ व वृद्ध, नवजात अर्भक, मानसिक आरोग्य. नंतर गट बदलायचा असेल तर पुन्हा शिकावे लागते. उलट निम्म्याहून अधिक राज्यांत तिला डॉक्टरांच्या देखरेखीविना स्वतंत्रपणे काम करण्याचा पूर्ण अधिकार आहे. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण सर्वसाधारण वैद्यकीय पद्धतीचे, साधारण २७ महिन्यांचे. त्यासाठी नर्सिंगची पदवी लागत नाही. मात्र शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र असे विषय आणि अनेक ठिकाणी रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मागितला जातो. एका विशेष शाखेतून दुसरीत जाण्याची मोकळीक येथे अधिक, परंतु काम बहुधा डॉक्टरांच्या सहयोगाने करायचे असते.

भारतातील चित्र

भारतात नर्स प्रॅक्टिशनर हे नाव मुख्यतः दोन क्षेत्रांत आले. अतिदक्षता विभागासाठीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला, त्यासाठी बी.एस्सी. नर्सिंग, नोंदणी आणि किमान एका वर्षाचा प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव आवश्यक ठरवला. प्रसूतिसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर घडवण्याची १८ महिन्यांची योजना केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून पुढे आली. तीही नोंदणीकृत परिचारिकांसाठीच आहे. अमेरिकेतील स्वातंत्र्य मात्र इथे अपेक्षू नये. आपल्याकडे ही परिचारिका ठरवून दिलेल्या उपचार-नियमांनुसार आणि डॉक्टरांसमवेत काम करते.

विज्ञानाच्या पदवीधराने हा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि आधीची विज्ञान पदवी असल्यामुळे त्यातील एकही वर्ष कमी होत नाही. प्रवेशाचा आधार बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हाच राहतो. २१ व्या वर्षी पदवीधर झालेल्या मुलीने दुसऱ्याच वर्षी प्रवेश घेतला, असे धरले तरी नर्सिंगची चार वर्षे, अनुभवाचे एक आणि पुढील अभ्यासक्रमाची दोन वर्षे मिळून ती २९ वर्षांची होते. जनरल नर्सिंगची तीन वर्षांची पदविका आणि नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही दुसरी वाट आहे. तीत कमाई लवकर सुरू होऊ शकते, पण एकूण काळ वाचत नाही.

तरीही ही वाट त्याज्य ठरत नाही. बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमध्ये किंवा शेजारी बेळगावात केएलई विद्यापीठात नर्सिंगचे शिक्षण घेता येते, म्हणजे घरापासून फार दूर जावे लागत नाही. शिवाय नर्सिंगचा परवाना हा एकाच पदाचा दरवाजा नव्हे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानंतर आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. अध्यापन, रुग्णालय प्रशासन आणि परदेशगमन या दिशाही खुल्या राहतात.

नर्सिंग नको असेल तर

२०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यापूर्वी यातील अनेक व्यवसायांना देशपातळीवर एकसमान नियमन नव्हते. या कायद्याच्या अनुसूचीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, आहारतज्ज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, फिजिशियन असोसिएट आदींचा समावेश आहे. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण कायद्याने बंधनकारक केले आहे. ‘सहा महिन्यांत तंत्रज्ञ व्हा’ अशा जाहिरातींकडे पाहताना हे आकडे लक्षात ठेवावेत.

ज्याला रुग्णाला हाताळून, दिवसागणिक होणारी सुधारणा पाहून समाधान मिळते, त्याच्यासाठी फिजिओथेरपी आहे. मात्र तिथेही पदवी पहिल्या वर्षापासूनच करावी लागते आणि आंतरवासितेसह साडेचार ते पाच वर्षे द्यावी लागतात. डोळ्यांच्या क्षेत्रात ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी आहे. श्रवण व वाचा उपचाराचा मार्ग भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीतून जातो. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे त्याचे जुने केंद्र. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला वैद्यकीय प्रयोगशाळेचे क्षेत्र जवळचे वाटेल. तिथे आधीचे ज्ञान उपयोगी पडते, परंतु रुग्णाशी संवाद फारसा नसतो.

फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण भारतात १९९२ पासून आहे. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये त्याची सुरुवात झाली. शस्त्रक्रिया, हृदयरोग अशा विभागांत डॉक्टरांसोबत काम करण्याची संधी त्यातून मिळते.

ज्यांना आरोग्यक्षेत्र हवे, पण रुग्णशय्येजवळचे काम झेपणार नाही असे प्रामाणिकपणे वाटते, त्यांच्यासाठी पदवीचे मोल पूर्ण वसूल करणारी वाट वेगळी आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील सार्वजनिक आरोग्य व रुग्णालय प्रशासनाचे अभ्यासक्रम किंवा साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधील आरोग्यसेवा व्यवस्थापन हे दोन वर्षांचे पर्याय आहेत. त्यांसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. वेळेच्या हिशेबात ही वाट सर्वांत जवळची.

परवाना सीमा ओलांडतो का?

गोमंतकीय घरांत परदेशाचा विचार आल्याशिवाय ही चर्चा संपत नाही. इथे पदाच्या नावापेक्षा परवाना महत्त्वाचा ठरतो. भारतात बी.एस्सी. नर्सिंग केलेली परिचारिका कागदपत्रांची छाननी करून एनक्लेक्स परीक्षा भारतातूनच देऊ शकते. अमेरिकेच्या स्थलांतर नियमांतील ‘शेड्यूल ए’च्या पहिल्या गटात परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट या दोन व्यवसायांना स्थान आहे, फिजिशियन असिस्टंटला नाही. इतकेच नव्हे, तर अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेतून शिकल्याखेरीज तिथली फिजिशियन असिस्टंटची परीक्षाच देता येत नाही. भारतातील ती पदवी घेऊन अमेरिकेत तेच काम मिळेल, ही समजूत चुकीची आहे.

पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या गोमंतकीय कुटुंबांतील पदवीधरांना आणखी एक दार आहे. तिथे संबंधित विषयाची पदवी आणि रुग्णसेवेचा काही अनुभव असलेल्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रम असतो. त्यातून थेट परिचारिका म्हणून नोंदणी होते. वृद्धसेवागृहात काळजीवाहकाचे काम करणाऱ्यांचा तो अनुभव इथे कामी येऊ शकतो. तिथल्या फिजिशियन असोसिएटचेही शिक्षण दोन वर्षांचे आहे आणि डिसेंबर २०२४ पासून त्यांचे नियमन वैद्यकीय परिषदेकडे आले. मात्र २०२५ च्या सरकारी आढाव्याने या पदाचे नाव बदलावे आणि कार्यकक्षा मर्यादित करावी, अशी शिफारस केली. त्यामुळे त्या वाटेने जाताना सद्यःस्थिती तपासून घ्यावी.

निर्णयाची कसोटी

सर्व पर्याय चाळल्यावर कसोटीचा प्रश्न एकच उरतो. उद्या नर्स प्रॅक्टिशनर होता आले नाही, तर परिचारिका म्हणून आयुष्य समाधानात जाईल का? रात्रपाळी, जखमांची मलमपट्टी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्वच्छता, नातेवाइकांची चिंता आणि कधी त्यांचा संतापही या कामाचा गाभा आहे. उत्तर होकारार्थी असेल तर २१-२२ व्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षाला बसण्यात कमीपणा नाही. पुढील प्रत्येक पायरी मग बोनस ठरते. उत्तर नकारार्थी असेल, तर दुसऱ्या मजल्याच्या मोहापायी तळमजल्यावर नाखुशीने राहणे स्वतःवर आणि रुग्णांवरही अन्याय करणारे आहे.

त्यापुढे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी स्वरूपात मागाव्यात. अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची वा आयोगाची मान्यता आहे, उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी नेमकी कोणत्या नावाने होते आणि प्रात्यक्षिक प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात दिले जाते. जी संस्था या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे देत नाही, तिथून परत फिरावे. शक्य असल्यास निवडलेल्या व्यवसायातील व्यक्तीसोबत रुग्णालयात काही दिवस काढावेत आणि तिची पाळी सुरू होण्यापासून संपेपर्यंतचे काम पाहावे. माहितीपत्रकातून जे कळत नाही, ते तिथे कळते. पदवी वेगळ्या विषयाची आहे म्हणून रुग्णसेवेचे दार बंद झालेले नाही; कोणते दार आपले आहे, हे ओळखूनच त्यावर थाप मारायला हवी.