प्रबंध आहे, पण शोधात येत नाही

संशोधन-ग्रंथालयातला शोध गेल्या दोन दशकांत पुरता बदलला. कार्डांच्या खणांची जागा आधी संगणकीय तालिकेने घेतली, पण ती पुस्तकापर्यंतच पोचायची. नियतकालिकातला लेख किंवा पुस्तकातले प्रकरण तिच्या आवाक्याबाहेर राहायचे. २००४ मध्ये गूगल स्कॉलर आले आणि २००९ च्या सुमारास ‘डिस्कव्हरी’ प्रणाली. प्रकाशकांकडून लेखांची माहिती आधीच गोळा करून तिची एकच मोठी सूची बनवायची आणि वाचकाला एकच शोधपेटी द्यायची, ही तिची रीत. पवईची आयआयटी, देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, कालिना संकुलातले मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय अशा ठिकाणी येणाऱ्या आजच्या संशोधकाची अपेक्षा या एका पेटीनेच घडवली आहे.

पुढचा टप्पा अर्थाधारित शोधाचा आहे. इथे प्रत्येक मजकुराचे रूपांतर काहीशे आकड्यांच्या रांगेत होते. जवळच्या अर्थाच्या मजकुरांचे आकडेही जवळचे असतात, म्हणून ‘दुष्काळ’ शोधणाऱ्याला ‘अवर्षण’ म्हणणारा लेखही मिळतो. त्यावर भाषा-प्रारूप बसवले, की सापडलेल्या उताऱ्यांचा सारांश संदर्भांसह समोर येतो. मात्र उतारे न पुरवता नुसत्या प्रारूपाला विचारले, तर ते अस्तित्वात नसलेले संदर्भही खऱ्यासारखे रचून देते. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, उघडून पाहणे अपरिहार्य आहे.

सापडलेला लेख वाचायला मिळेल का, हा प्रश्न वेगळा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आहेत आणि तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांचा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड भागांतल्या खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांना त्यामुळे खुल्या साधनांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘ओपनअ‍ॅलेक्स’ ही खुली सूची त्यांपैकी एक. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार दुसरे.

शोधगंगेत पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि मराठीतली खरी अडचण तिथेच दिसते. अनेक जुने मराठी प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे. काही युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले असतात. पडद्यावर ते देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती असंबद्ध रोमन अक्षरे असतात. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी मराठीचे सामान्यरूप आडवे येते. ‘शेतकरी’ शोधले तर ‘शेतकऱ्यांवरील’ सापडेलच असे नाही, कारण प्रत्ययापूर्वी मूळ शब्दच बदलतो. त्यातही ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते: एकदा नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, एकदा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या मजकुरातले ‘नांव’, ‘कांहीं’ यांचे अनुस्वार ही आणखी भर.

यावर उपाय आहेत, आणि काही मुंबईच्या उपनगरांतच घडले आहेत. पवईच्या आयआयटीतील भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात मराठी ‘वर्डनेट’ तयार झाले. त्यात समानार्थी शब्दांचे गट आहेत आणि शोधाचा शब्द त्यांच्या आधारे विस्तारता येतो. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये मांडलेले ‘महाएसबर्ट’ हे प्रारूप मराठी वाक्यांचा अर्थ आकड्यांत उतरवते. पण प्रारूप कितीही चांगले असले तरी त्याला मजकूर वाचता यायला हवा, आणि तो वाचनीय करण्याचे काम ग्रंथालयाचेच. नव्या प्रबंधाचे शीर्षक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत नोंदवणे, सारांश व विषयशब्द मराठीत आणि इंग्रजीत देणे, लेखकाचा ऑर्किड हा ओळखक्रमांक जोडणे, युनिकोड फाइलच स्वीकारणे: यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. ‘कोहा’सारखी मुक्त ग्रंथालय-प्रणाली देवनागरी नोंदी सहज सांभाळते. विद्यापीठांनी प्रबंध दाखल करून घेतानाच या अटी घातल्या पाहिजेत.

जुन्या प्रबंधांचे काम अधिक कष्टाचे आहे. फॉन्टांत अडकलेल्या मजकुराला त्या त्या फॉन्टचा वेगळा परिवर्तक लागतो. छायाचित्रित पानांवर अक्षरओळख चालवल्यावर जोडाक्षरे, अनुस्वार आणि पुसट टंकलेली अक्षरे मराठी जाणणाऱ्या माणसाला पुन्हा तपासावी लागतात.