भिंतीवरचे बटण आणि यंत्राची पोच



ऊस विकास अधिकाऱ्याने ऊस सोडून प्रोजेक्टरवर लिहावे याचे आपणास नवल वाटेल. पण गोष्ट हुमणीपासून सुरू होते, म्हणून लिहितो.

वळवाचा चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या थोड्या दिवसांत ते गोळा करून मारले तर पुढे अळीचा त्रास पुष्कळ कमी होतो. संधी गेली की वर्ष गेले. हेच चित्रांसह दाखवण्यासाठी गेल्या मे महिन्यात सभागृहात मेळावा ठेवला होता. लांबच्या गटांतून मंडळी आली. आणि पडदा काळाच! छताला टांगलेला प्रोजेक्टर दोनदा लुकलुकला नि गप्प झाला. मी तोंडी बोललो. पण भुंगेरा कोणता अन् शेणकिडा कोणता, हे नुसतं सांगून कळतं का? चार दिवसांत वळीव झाला. पुढे एक वयस्कर सभासद शेतावर भेटले. मुळं खाल्लेलं उसाचं बेट त्यांच्या हातात सहज उपटून आलं होतं. म्हणाले, "साहेब, तुम्ही बोलावलं, आम्ही आलो. पण दाखवलं काय?" मजजवळ उत्तर नव्हतं.

दोष माझाच होता. बैठक संपली की मी भिंतीवरचे बटण बंद करून मोकळा होई. दिव्याच्या प्रोजेक्टरला हे सोसत नाही. दिवा विझवल्यावरही आतला पंखा काही काळ फिरून त्याला थंड करतो. वीजच तोडली की उष्णता आत कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. नव्या दिव्याचे पैसे शेवटी तुमच्या उसातूनच जातात.

आमच्या इन्स्ट्रुमेंट विभागातले मेकॅनिक म्हणाले, "साहेब, काट्यावरचं वजन कॉम्प्युटरला जातं, तसल्याच वायरनं प्रोजेक्टरशी बोलता येतं." पाहिले तर खरेच, प्रोजेक्टरच्या पाठीला नऊ पिनांचे सॉकेट होते. या जोडणीला आरएस-२३२ म्हणतात. अमेरिकेत १९६० साली तिचे मानक ठरले. एका तारेवर एकामागून एक विजेचे ठोके जातात. एका अक्षराचे आठ ठोके, सुरुवातीची व शेवटची एकेक खूण, असे दहा. सेकंदाला ९६०० ठोके ठेवले तर ९६० अक्षरे जातात. आपली आज्ञा तर दहा अक्षरांचीही नसते.

आज्ञा म्हणजे साधी अक्षरे, तारेसारखी. उदाहरणादाखल, एप्सनच्या प्रोजेक्टरांना 'पीडब्ल्यूआर ऑन' लिहून पाठवले की दिवा लागतो. 'पीडब्ल्यूआर' पुढे प्रश्नचिन्ह दिले की स्थिती कळते: ०१ म्हणजे चालू, ०२ म्हणजे तापतो आहे, ०३ म्हणजे थंड होतो आहे. 'लॅम्प' पुढे प्रश्नचिन्ह दिले की दिवा किती तास जळला तो आकडा येतो. प्रत्येक कंपनीची बोली मात्र वेगळी. ती पुस्तिकेत पाहूनच लिहावी. नेटवर्कवरून चालणारी 'पीजेलिंक' नावाची सामाईक बोली जपानमध्ये २००५ साली आली, ती अनेक कंपन्यांची यंत्रे समजतात.

पहिल्या दिवशी आमचा प्रोजेक्टर हूं की चूं करीना. वायर सरळ होती. म्हणजे याचे तोंड त्याच्या तोंडाला आणि कान कानाला! दोन आणि तीन नंबरच्या तारा अदलाबदल केल्या. तरी गप्प. मग लक्षात आले की आज्ञेच्या शेवटी 'ओळ संपली' ही १३ क्रमांकाची खूण पाठवलीच नव्हती. यंत्र आपले वाक्य पुरे होण्याची वाट पाहत होते. ती खूण जोडली, आणि वर दिवा लागला.

आता बैठक संपली की संगणक 'बंद हो' म्हणतो, मग दर पाच सेकंदांनी विचारतो, 'झालास का थंड?' यंत्राने 'झालो' म्हटल्यावरच भिंतीवरचे बटण बंद करायचे. दिव्याचे तासही दरमहा वहीत लिहितो, म्हणजे ऐन मेळाव्यात दगा नको. ही वायर साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची, आमची बसली. लांब अंतराला आरएस-४८५ ही दुसरी पद्धत आहे, ती सुमारे १२०० मीटरपर्यंत जाते. एवढे मात्र खरे, की वायरने जाळी साफ होत नाही. धूळ हातानेच झाडावी लागते.

या खटपटीत मला एक गोष्ट कळली. बटण दाबणे म्हणजे नुसते सांगणे. वायरीवर सांगितल्याची पोच येते. आम्ही गावोगाव निरोप धाडतो, पोचला की नाही हे विचारतो का? वजनाची पावती घेतल्याशिवाय तुम्ही काटा सोडत नाही, ते बरोबरच आहे.

यंदाचा हुमणी मेळावा वळवाआधी, एप्रिलअखेर घेत आहोत. वीज गेली तर अडायला नको म्हणून भुंगेऱ्यांची छापील चित्रे प्रत्येक गट कार्यालयात ठेवली आहेत. आणि त्या वयस्कर सभासदांना निरोप मी स्वतः जाऊन देणार आहे. पोच घेऊनच परत येईन.

— ऊस विकास अधिकारी