डुकराच्या रक्तातले वाया गेलेले प्रतिपिंड

1991 साली कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात आईचे दूध नुकतेच तुटलेली डुकराची पिल्ले वाळू लागली. पुढ्यात खाणे असूनही अंग धरेना. धाप लागायची, कातडी पांढुरकी पडायची, काहींना कावीळ व्हायची. जांघेतल्या लसिका ग्रंथी सुजून टणक व्हायच्या आणि आतून मात्र रोगाशी लढणाऱ्या पेशींनी रिकाम्या झालेल्या असायच्या. पुढे हा आजार जगभरच्या वराहपालनात पसरला. यामागचा विषाणू पोर्साइन सर्कोव्हायरस टाइप 2, म्हणजेच पीसीव्ही-2. त्याचा भाऊ टाइप 1 हा 1974 मध्येच बर्लिनच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये सापडला होता; तो निरुपद्रवी निघाला.

पीसीव्ही-2 सस्तन प्राण्यांच्या सर्वांत लहान विषाणूंपैकी एक. त्याची सगळी जनुकीय संहिता जेमतेम 1,767 किंवा 1,768 अक्षरांची. एवढ्याशा संहितेत वेगवेगळी प्रथिने बनवायला जागाच नाही, म्हणून कवचासाठी तो एकच प्रथिन वापरतो. या प्रथिनाच्या 60 प्रती एकमेकींत अडकल्या की कवच तयार होते. डुकराच्या शरीराला लढायचे असते ते या पूर्ण कवचाशी.

अडचण इथेच आहे. सुटी वीट हातात घेतली तर तिच्या सहाही बाजू दिसतात. भिंतीत बसली की बहुतेक बाजू झाकल्या जातात. कवचाच्या प्रथिनातला 169 ते 180 क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा तुकडा असाच झाकला जाणारा आहे. सुट्या प्रथिनावर तो पृष्ठभागावर असतो आणि प्रतिकारशक्तीला चटकन भुलवतो. कवच जुळून आले की तो आत गाडला जातो आणि प्रतिपिंड तिथपर्यंत पोचूच शकत नाहीत. म्हणजे या तुकड्याविरुद्ध कितीही प्रतिपिंड तयार झाले, तरी जिवंत विषाणूला त्यांचा धक्काही लागत नाही.

अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये आजारी, नुसता संसर्ग झालेल्या आणि लस दिलेल्या डुकरांच्या रक्ताची तुलना केली. आजारी डुकरांत या तुकड्याविरुद्धचे प्रतिपिंड भरपूर होते. लस घेतलेल्यांत ते फारच कमी, तरी पूर्ण प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड चांगले होते.

पुढच्या वर्षी आलेला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात नुसता संबंध दाखवून न थांबता कारणालाच हात घातला होता. प्रथिनाच्या प्रती एकमेकींत जुळूच नयेत म्हणून त्याला युबिक्विटिन हे दुसरे प्रथिन जोडले आणि हे सुटे प्रथिन डुकरांना टोचले. प्रतिपिंड जोरात तयार झाले. मग खरा विषाणू सोडला, तर रक्तातले त्याचे प्रमाण काहीच न टोचलेल्या डुकरांइतकेच चढले. ज्यांना जुळलेल्या कवचाच्या रूपातले प्रथिन दिले होते, त्यांच्या रक्तात विषाणू सापडलाच नाही. प्रथिन दोन्हीकडे तेच होते, फरक होता तो रचनेचा.

2006 पासून बाजारात आलेल्या लसींपैकी काहींचे यश यामुळे नीट समजते. बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूच्या मदतीने कीटकांच्या पेशींत हे प्रथिन तयार करतात. तिथे त्याच्या प्रती आपोआप जुळून पोकळ कवचे बनतात. आत डीएनए नसल्याने संसर्गाचे भय नाही आणि बाहेरून रूप विषाणूचेच. शरीर नेमके जे ओळखायचे तेच शिकते.

आजारी डुकराच्या शरीरात सुटे प्रथिन येते कुठून? नासलेल्या लसिका ग्रंथींतल्या पेशी फुटून न जुळलेले प्रथिन बाहेर सांडत असावे, असा अंदाज बांधता येतो. तसे असेल तर रोग जितका वाढेल तितके हे आमिषही वाढत जाणार.

आपल्याकडे 2019 च्या पशुगणनेत सुमारे 90 लाख डुकरे नोंदली गेली, त्यांतली 21 लाख एकट्या आसामात. ईशान्य भारतात पीसीव्ही-2 ची नोंदही झाली आहे. तिथे घरामागे दोन-चार डुकरे पाळणाऱ्या कुटुंबाला एक पिल्लू गमावणेही परवडत नाही. म्हणून पिल्लाला खरे संरक्षण आहे का हे कळणे महत्त्वाचे; पण रक्तातील एकूण प्रतिपिंड मोजणाऱ्या चाचणीचा आकडा मोठा आला, तरी ते प्रतिपिंड विषाणूला निष्प्रभ करतात की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पेशींवर विषाणू आणि रक्तद्रव एकत्र सोडून वेगळी चाचणी करावी लागते.