न विटलेला डबा

16 ऑक्टोबर 1968. अटलांटिक महासागरात ‘ॲल्विन’ ही छोटी संशोधन-पाणबुडी जहाजावरून उतरवली जात असताना तिला धरून ठेवणारे पोलादी दोर तुटले. आतले तिघे वरच्या झाकणातून कसेबसे निसटले. पाणबुडी मात्र सुमारे 1540 मीटर खोल तळाशी जाऊन बसली आणि तिघांचं दुपारचं जेवणही तिच्यासोबत गेलं.

दहा महिन्यांनी तिला वर काढलं, तेव्हा डब्यातली सँडविचेस भिजली होती, पण नासली नव्हती. सफरचंदं मुरवल्यासारखी दिसत होती. थर्मासमधलं सूप पिण्याजोगं होतं. अमेरिकेतल्या वूड्स होलच्या सागरी संस्थेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होल्गर यानाश यांना त्या डब्यात एक प्रयोग आयता मिळाला. त्यांनी तेच अन्न 3 अंश सेल्सियसला, म्हणजे जवळपास तळाइतक्याच थंडीत, फ्रिजमध्ये ठेवलं. काही आठवड्यांत ते विटलं!

म्हणजे थंडी एकटी पुरेशी नव्हती. तळाशी पाण्याचा दाबही होता, पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या दीडशे पट. पावासोबत वरून गेलेले जिवाणू त्या दोहोंखाली जवळजवळ थिजले होते. पुढे यानाश यांनी मुद्दाम तळाशी अन्नाचे नमुने ठेवून पाहिले. ते प्रयोगशाळेतल्या नमुन्यांपेक्षा दहा ते शंभर पट सावकाश कुजत होते.

यावरून खोल समुद्र ओसाड आहे, असं वाटणं स्वाभाविक. तिथेच फसगत होते. 1981 मध्ये ॲरिस्टायडीस यायानोस यांनी मारियाना खंदकात सुमारे साडेदहा किलोमीटर खोलीवर सापडलेला एक जिवाणू वाढवून दाखवला. आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला तो वाढतच नाही. त्याला वर आणणं म्हणजे त्याची वाढ थांबवणंच.

असे रहिवासी किती आहेत, हे मोजणं अवघड होतं, कारण बशीत वाढवायला गेलं तर बहुतेक जण वाढायलाच नकार देतात. मग वाढवण्याचा नाद सोडून थेट पाण्यातल्या डीएनएचे ठरावीक तुकडे वाचण्याची पद्धत आली. 2006 मध्ये मिचेल सोगिन यांच्या चमूने उत्तर अटलांटिकचं खोल पाणी आणि प्रशांत महासागरातल्या ॲक्सियल या समुद्रबुड ज्वालामुखीजवळचं पाणी तपासलं. लिटरभर पाण्यात फार तर तीन हजार प्रकार निघतील, असा अंदाज होता. आकडा वीस हजारांपलीकडे गेला.

वाचनातल्या चुकांमुळे तो फुगला असावा, अशी टीका पुढे झाली आणि तिच्यात तथ्य होतं. पण मला आकड्यापेक्षा त्याची ठेवण महत्त्वाची वाटते. एखाद्या गावात निम्म्या घरांवर दोन-तीनच आडनावं असावीत आणि उरलेल्या प्रत्येक दारावर वेगळीच पाटी दिसावी, तसं हे पाणी. मोजके प्रकार भरमसाट. बाकी हजारो प्रकार अगदी विरळ. ही विरळ मंडळी कशाला टिकून राहिली असतील? एक तर्क असा, की ती संधीची वाट पाहतात. देवमाशाचं कलेवर तळाशी आलं, एखादा नवा उष्ण झरा फुटला, की कालचा नगण्य प्रकार उद्या गावचा मालक.

वाट पाहायची तरी किती? दक्षिण प्रशांत महासागराच्या तळाखालचा गाळ 2010 मध्ये छिद्र पाडून वर काढला गेला. त्याचा सर्वांत जुना थर 10 कोटी 15 लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर जमिनीवर असतानाचा. जपानी संशोधक युकी मोरोनो आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या सूक्ष्मजीवांना अन्न दिलं. ते खाऊ लागले, दुणावू लागले. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या बाजूलाही असा गाळ आहे. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागरातल्या चागोस खंदकाचा, सुमारे 5900 मीटर खोलीवरचा गाळ तपासला. त्याच्या लाखो वर्षं जुन्या थरांतून त्यांनी बुरशी वाढवली. तिच्यात ॲस्परजिलस कुळातली एक जात होती. स्वयंपाकघरात विसरलेल्या पावावर दोन-चार दिवसांत बुरा आणणाऱ्यांत तिची भावंडं असतात.