छेद लहान, जोड पक्का

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत ‘बाळाच्या किडनीला सूज आहे’ एवढं कानावर पडलं की घराची झोप उडते. खरं तर शंभरातल्या साधारण एका गर्भात अशी सूज दिसते आणि बहुतेकांची पुढे आपोआप ओसरते. काही मुलांत मात्र मूत्रवाहिनी किडनीतून जिथे निघते तिथेच अरुंद असते. लघवी तुंबते, किडनी फुगते आणि दाब कायम राहिला तर हळूहळू निकामी होत जाते.

यावरची शस्त्रक्रिया म्हणजे पायलोप्लास्टी. अरुंद तुकडा कापून काढायचा आणि मूत्रवाहिनी किडनीला रुंद तोंडाने पुन्हा जोडायची. अँडरसन आणि हाइन्स या सर्जनांची ही पद्धत १९४९ची. १९९०च्या दशकात ती मुलांतही दुर्बिणीतून होऊ लागली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. तान्ह्या बाळात त्याचा दाब मोठ्या माणसापेक्षा बराच कमी ठेवावा लागतो, कारण फुगलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं. म्हणून भूलतज्ज्ञाची नजर इथे सर्जनच्या हाताइतकीच मोलाची. तीन ते पाच मिलिमीटर जाडीची अवजारं, आणि केसाएवढ्या धाग्याने घातलेले टाके. सगळं कसब या टाक्यांत आहे. जोड गळता कामा नये आणि आवळताही कामा नये. अनुभवी हातांत दहातल्या नऊंहून अधिक शस्त्रक्रिया यशस्वी होतात.

पालक पहिल्यांदा विचारतात, “दुर्बिणीतून करता ना?” त्याआधी विचारावं, “ऑपरेशन आत्ताच लागेल का?” त्याचं उत्तर प्रत्येक किडनी किती काम करते ते मोजणारा आयसोटोप स्कॅन देतो. दोन किडन्यांमध्ये काम साधारण निम्मं-निम्मं वाटलेलं असतं. सुजलेल्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांखाली गेला, किंवा सूज वाढतच राहिली, ताप-पोटदुखी सुरू झाली, तर थांबू नये. एरवी ठरावीक काळाने सोनोग्राफी करत थांबणं हाही उपचारच. शाळकरी मुलाला दुर्बिणीचा फायदा स्पष्ट मिळतो: दुखणं कमी, घरी लवकर. काही महिन्यांच्या बाळाला मात्र उघड्या शस्त्रक्रियेचा छेदही लहानच असतो. तिथे सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलेला असेल ती निवडण्यात काही कमीपणा नाही.

जोड भरून येईपर्यंत आत बहुधा एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. साधारण चार ते सहा आठवड्यांनी ती काढायची असते आणि मुलांत त्यासाठीही थोडी भूल लागते. मूल खेळायला लागलं की ती विसरली जाते. विसरलेल्या नळीवर खडे साठतात, जंतुसंसर्ग होतो. डिस्चार्जच्या दिवशीच ती काढायची तारीख कार्डावर लिहून घ्यावी.